चिमीचा दहावा दिवस

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या तमाम शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, पाहुणे मंडळी आणि बैलगाडा मालकांनो! हातातली कामं खाली ठेवा, पोरंबाळं जवळ घ्या आणि काळीज घट्ट करून ऐका. अत्यंत जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की वारूळवाडीच्या मंदाडॉक्टर काल एका माणसाला 'बसा' म्हणाल्या.

हसू नका. ही बातमी आमच्या पेठेत फुटली त्या दिवशी कुणीही हसलं नव्हतं. चहावाल्यानं भरलेला कप परत किटलीत ओतला होता आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या हिराबाई पदर तोंडाला लावून माझ्या दुकानात येऊन बसल्या होत्या. त्या बाईंनी मंदाडॉक्टरांकडे बावीस वर्षं सुया उकळल्या, पण डॉक्टरांच्या तोंडून 'बसा' हा शब्द कधी ऐकला नव्हता. "भाऊ," त्या म्हणाल्या, "मला लक्षान बरं दिसत न्हाई."

माझा धंदा माईक आणि स्पीकर भाड्यानं देण्याचा. शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटला की वरून जो आवाज किंचाळत असतो, तो माझा. त्यामुळे आवाज चढवायची खोड आहे, ती पोटात घाला. पण मंदाडॉक्टरांच्या बाबतीत पदरचं काही घालायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. त्यांचा दवाखाना आणि माझं दुकान यांच्यामध्ये एका विटेची भिंत. तिकडे कुणाच्या कानाखाली बसली की इकडे माझ्या कपाटातले माईक आपसांत आपटायचे.

बाई दिसायला केवढ्या? पाच फुटाला दोन बोटं कमी. साडीवर पुरुषी खाकी शर्ट, पायात गमबूट आणि अंबाड्यात खोचलेला रक्तवाहिनी दाबायचा स्टीलचा चिमटा. हिशेब करताना, भांडताना, जेवताना तो तिथेच. एकदा बँकेत सही करायला त्यांनी अंबाड्यात हात घातला आणि पेन समजून चिमटा काढला. काउंटरवरचा माणूस खुर्चीसकट मागे सरकला. उजव्या हाताचा अंगठा मात्र वाकडा. तरुणपणी एका अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात असताना गाईनं कळ दिली आणि अंगठा कायमचा आत वळला. वासरू जगलं. "फायद्याचा सौदा," असं त्या अंगठ्याकडे बघून म्हणायच्या.

खिशात कायम दोऱ्याचं रीळ. बोलता बोलता हात चालू. समोर जे असेल त्याला गाठ बसायची. चहाच्या कपाचा कान, स्कूटरचा ब्रेक, माझ्या दुकानाच्या शटरची कडी, एकदा तर माझ्या शर्टाचं बटण. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा वेढा, खट्. आमच्या चहावाल्याकडे नवं गिऱ्हाईक आलं की कपाला गुंडाळलेला दोरा बघून विचारायचं, हा काय नवस आहे का? चहावाला सांगायचा, "मॅडमची गाठ हाय. कात्रीशिवाय निघत न्हाई, राव."

त्यांची एकच घमेंड होती आणि ती त्या गाठीची. "कुत्री मरेल, मालक मरेल, हा दवाखाना पडेल. माझी गाठ सुटायची नाही."

आता छोट्या कुत्र्यांची भानगड सांगतो, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल आम्ही लई हौशी. आमच्याकडे उसात बिबट्या राहतो. येतो म्हणत नाही मी, राहतो. अंगणात बांधलेलं मोठं कुत्रं म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं ताट. सकाळी साखळी असते, गळ्यातला पट्टा असतो, मधलं कुत्रं नसतं. म्हणून लोकांनी ओंजळीएवढी केसाळ कुत्री आणली. ती घरात, गादीवर, माणसांच्या मध्ये झोपतात. पण कुत्री माजावर आली की बंद दाराला काय विचारते? गावातले पाच-सहा कुत्रे दिवस मावळायच्या आधीच अंगणात येऊन एकमेकांचे गळे फाडायला लागतात. त्या आवाजावर आणि रक्ताच्या वासावर उसातून तो येतो, थेट उंबऱ्यापर्यंत. म्हणून कुत्रीची पिशवी काढून टाकायची. दुसरीकडे ती ऑपरेशनं पिल्लं नकोत म्हणून होतात. आमच्याकडे उंबऱ्यावर बिबट्या नको म्हणून होतात.

आणि ऑपरेशन झालं की खरा तमाशा सुरू. मंदाडॉक्टर म्हणायच्या, "पोट मी फाडते अर्धा तास. उरलेले दहा दिवस मालक फाडतो."

बोरी बुद्रुकचा एक द्राक्षवाला होता. चांगला शिकलेला माणूस. चौथ्या दिवशी कुत्री घेऊन आला ती पोटाखालून निळी. त्यानं टाक्यांवर द्राक्षाला मारायचं मोरचूद-चुन्याचं औषध फवारलं होतं. पंपानं. खालची कातडी भाजून सोलली होती, टाक्यांमधून पू येत होता आणि हा अभिमानानं सांगत होता, "मॅडम, बुरशीला जागाच ठेवली न्हाई."

भिंतीपलीकडे शांतता झाली. शांतता झाली की मी दुकान सोडून दाराशी जायचो, कारण पुढचं नुसतं ऐकून भागत नसे. मॅडमनी त्याचा हात पकडला. वेलीच्या तारांनी ओरबाडलेला, ताज्या चिरांनी भरलेला. टेबलावर दाबला आणि स्पिरिटची अख्खी बाटली वर उपडी केली. माणूस असा किंचाळला की नारायणगावच्या एसटी स्टँडवर लोक उभे राहिले.

"झोंबतंय?" मॅडम म्हणाल्या.

"झोंबतंय! आयाई गं, झोंबतंय!"

"तिला तोंड नव्हतं सांगायला." आणि वर एक कानाखाली. मग त्याच हातांनी दीड तास त्या कुत्रीची मेलेली कातडी कात्रीनं कापून काढली. कुत्रीला दुखलं की स्वतः 'स्स' करायच्या.

दुसरी गोष्ट एक्स-रेची. कुत्रीनं टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळं घालायचं असतं. मॅडम ते जुन्या एक्स-रेच्या फिल्मचं कापायच्या. मालकाला सांगायच्या, घरातून एक जुना एक्स-रे घेऊन ये. त्यामुळे आमच्या भागातली कुत्री कुणाच्या तरी बरगड्या नाहीतर गुडघे मिरवत हिंडायची. एका घरी मुलानं कपाटातून हाताला लागला तो एक्स-रे दिला. घरी गेल्यावर म्हातारीनं उजेडाकडे धरून बघितलं. वारलेल्या नवऱ्याची छाती! कोपऱ्यातला डाग तिला पाठ होता. तिनं नरसाळं सोडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. इकडे कुत्रीनं दुपारभरात टाके उपसले. पोट उघडलं, आतडं बाहेर आलं आणि फरशीवर घासत ती कॉटखाली गेली.

मुलगा तिला परातीत घालून घेऊन आला. हो, परातीत. वर ओलं धोतर. मॅडमनी आतडं सलाईननं धुतलं, वीतभर तुकडा काळा पडला होता तो कापला, बाकीचं जोडून आत घातलं. कुत्री वाचली. मग मुलाला उभं केलं आणि दोन वाजवल्या.

"दुसरी कशाची?" त्यानं गाल धरून विचारलं.

"आईची. त्यांच्यावर हात कसा टाकू? त्यांनी नवरा देव्हाऱ्यात ठेवलाय, त्यांचं काय चुकलं?" मग त्याच मुलाच्या गुडघ्याच्या एक्स-रेचं नवं नरसाळं कापलं.

आणि लोक तरी परत का येत? मार खाऊन माणूस चहावाल्याकडे यायचा, गाल चोळत म्हणायचा, "लई हानलं. म्हंजी कुत्री जगनार." कारण ज्या जनावराची आशा नाही त्याच्या मालकाला त्या मारत नसत. त्याच्या खांद्यावर हात ठेवत. तो हात आम्हा सगळ्यांना माहीत होता आणि त्याची आम्हाला भीती वाटायची.

आता शंकरशेठ.

आंबेगाव तालुक्यात मंचरच्या अलीकडे त्यांची वस्ती. बैलगाडा मालक. घाटात त्यांचा गाडा पुकारताना मी स्वतः माईक थोडा लांब धरायचो, चूक झाली तर पळायला बरं म्हणून. दोन माणसांच्या रुंदीचा देह. गाडीत कायम एक शिवळ, म्हणजे बैलाची मान अडकवायला जुवाच्या टोकाला असते ती लाकडी दांडी. बैलामागे हॉर्न वाजवला म्हणून एका पिकअपची पुढची काच त्यांनी त्या शिवळीनं फोडली होती, ड्रायव्हर आत असताना.

या राक्षसाची कुत्री तीन किलोची. पांढरी, चिमी नावाची. घरात शंकरशेठ आणि त्यांची म्हातारी आई, दोघंच. आईला दिसत नाही. चिमीच्या गळ्यात बैलाच्या चंगाळ्यातलं, म्हणजे घुंगरांच्या पट्ट्यातलं, एक घुंगरू बांधलेलं. त्या आवाजामागून म्हातारी घरभर फिरायची, चुलीपाशी, न्हाणीपाशी, दारापाशी. चिमी माजावर आली, अंगणात कुत्र्यांनी एकमेकांना फाडलं आणि एका संध्याकाळी बिबट्यानं त्यातला एक म्हातारीच्या खाटेपासून चार हातांवरून उचलला. म्हातारीच्या तोंडावर रक्ताचे शिंतोडे. ती विचारत राहिली, "शंकर, पानी कुनी उडवलं रं?"

दुसऱ्या सकाळी शंकरशेठ चिमीला शर्टात घालून आले. मॅडमनी तपासलं. "उद्या काढू पिशवी. लठ्ठ केलीय तुम्ही. चरबी लई आहे."

"मॅडम, एक सांगतो." शंकरशेठनी टेबलावर मूठ ठेवली. "हिला काय झालं, तर ज्या हातानं शिवलं त्यो हात मोडीन. बाईमानूस बघनार न्हाई."

"मोड," मॅडम म्हणाल्या. त्या वेळी त्यांचा दोरा टेबलाच्या दांडीला तिसरा वेढा घेत होता. खट्. "माझी गाठ सुटत नाही. आता बाहेर हो."

ऑपरेशन झालं. शंकरशेठनी नरसाळ्यासाठी स्वतःच्या मोडलेल्या खुब्याचा एक्स-रे दिला. चिमी तो मिरवत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पेठेत एक गाडी उलटी घुसली. शंकरशेठ खाली उतरले, एका हातात चिमी, दुसऱ्यात शिवळ. आत जाता जाता दवाखान्याच्या कपाटाची काच फोडली. औषधांच्या बाटल्या फरशीवर.

"तुमची गाठ सुटली!"

"माझी गाठ सुटत नाही! काय केलंस? उडी मारू दिली? नरसाळं काढलं?"

"आईची आन, खाली ठेवली न्हाई तिला!"

मॅडमनी त्यांच्या कानाखाली ओढली. टाचा उंच करून. शंकरशेठनी शिवळ उगारली. आणि त्याच क्षणी मॅडमनी चिमीचा ओठ वर केला आणि उगारलेल्या शिवळीखाली तशाच उभ्या राहिल्या. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. पोट फुगलेलं, कान गार. मॅडमनी पोटात सुई घातली. सिरिंज लाल भरली.

"हिराबाई, टेबल! ए भोंग्या!" भोंग्या म्हणजे मी. "आत ये. वीज गेलीय, मोबाईलचा उजेड धर. आणि तो सरपंच धरून आणा."

सरपंच म्हणजे चहाच्या टपरीखाली राहणारा काळा गावठी कुत्रा. प्रत्येक कार्यक्रमाला हजर असतो म्हणून हे नाव. मॅडमनी त्याला एकदा लहानपणी खच्ची केलं होतं. तेव्हापासून तो त्यांच्या स्कूटरवर रोज न चुकता तंगडी वर करायचा. आता चिमीला रक्त द्यायला तोच एक दांडगा. धरायला गेलेल्या शंकरशेठना त्यानं मनगटाला असा चावा घेतला की दोन दात आरपार. पण शंकरशेठनी सोडला नाही. चावलेल्या हातानंच त्याला मिठीत दाबून आणलं. एकीकडे सरपंचाच्या मानेतून रक्त पिशवीत, पिशवीतून चिमीच्या पायात. शंकरशेठच्या मनगटातलं फरशीवर. आणि मॅडमनी कालचे टाके कात्रीनं सर्रकन कापले.

मी पुष्कळ रक्त बघितलंय. घाटात गाड्याखाली माणूस आलेला बघितलाय. पण एवढ्याशा पोटात एवढं रक्त मावतं हे माहीत नव्हतं. ते कडेनं उसळून त्यांच्या शर्टावर, टेबलावर, माझ्या चपलांत. मॅडम दोन्ही हातांनी उपसत होत्या, फडकी टाकत होत्या. हिराबाई पिळलेली फडकी बादलीत टाकत होत्या. उजव्या बाजूला, बरगडीखाली खोल, मॅडमची बोटं शोधत होती. मग अंबाड्यातला चिमटा, तो वर्षानुवर्षांचा, स्पिरिटात बुडवून खट्कन आत बसला. आणि रक्त थांबलं.

मग त्यांनी बारीक चिमट्यानं आतून काहीतरी उचललं. मी उजेड जवळ नेला. दोऱ्याचं एक कडं. अंगठीएवढं. गाठ तशीच, तीन वेढ्यांची, घट्ट. गाठ सुटली नव्हती. रक्तवाहिनीभोवतीच्या चरबीवर बसली होती, म्हणून अख्खं कडं घसरून निघालं होतं.

ते त्यांनी बघितलं आणि मी बघितलं. हिराबाई बादलीपाशी, शंकरशेठ सरपंचाच्या मानेत तोंड खुपसून बसलेले. फडक्यात गुंडाळलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. गाठ शाबूत आहे, असं म्हटलं असतं तर खोटंही नव्हतं.

मॅडमनी नवी गाठ मारली. पोट शिवलं. शेवटचा टाका झाल्यावर ते कडं शंकरशेठसमोर धरलं.

"इकडे बघ. हे माझ्या हातचं. नीट बसलं नव्हतं, घसरलं. तू काही चुकला नाहीस. मी तुला उगाच मारलं." आणि रक्तानं माखलेला उजवा हात, तो वाकडा अंगठा, टेबलावर सरळ ठेवला. "तुझा शब्द पाळ. शिवळ तिथं पडलीय."

शंकरशेठनी शिवळ उचलली. हिराबाई किंचाळल्या. मी मागे सरलो, तशा मोबाईलच्या उजेडात भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या नाचल्या. शंकरशेठ त्या हाताकडे बघत राहिले. मग चिमीकडे. तिचं पोट वरखाली होत होतं, अगदी थोडं.

"टाके कवा काढायचं?" त्यांनी विचारलं.

"जगली तर दहाव्या दिवशी."

"मग दहाव्या दिवशी बघू," ते म्हणाले. चिमीला उचललं, शिवळ काखेत मारली आणि गेले.

दहावा दिवस म्हटलं की आपल्याकडे नदीचा घाट आणि कावळेच आठवतात. पेठेत त्याच्यावर विनोद झाले, पण हळू आवाजात.

आणि मग सुरू झाला मंदाडॉक्टरांचा गोडवा. माझी घोषणा याच दिवसांतली. एका माणसानं ऑपरेशन झालेली कुत्री तिसऱ्याच दिवशी विहिरीवर आंघोळ घालून आणली होती, टाके सुजून फुगलेले. मॅडम म्हणाल्या, "बसा. होतं असं. माझ्याकडूनही होतं." तो माणूस उठून उभा राहिला, कुत्री छातीशी धरली आणि थेट नारायणगावच्या दुसऱ्या डॉक्टरकडे पळाला. "माझी कुत्री मरनार हाय," तो रडत सांगत होता, "बाई गोड बोलली वो!"

ऑपरेशन एकही नाही. आलेल्याला परत पाठवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ज्याचा दोरा घसरतो त्यानं दुसऱ्याला मारू नये, भोंग्या. आणि चाकूही धरू नये." दिवसभर आतल्या खोलीत बसायच्या. खाटकाकडून बोकडाची चरबी आणायची, तिच्यावर गाठ मारायची, ओढायची. घसरली की पुन्हा. वाकडा अंगठा सुजून टोमॅटोसारखा झाला. चरबीचे तुकडे हिराबाई सरपंचाला घालायच्या. तो तेवढा गुबगुबीत झाला.

सहाव्या दिवशी बोरीची एक बाई आली. तिची कुत्री दोन दिवसांपूर्वी मॅडमनी परत पाठवली होती, माजावर असताना. बाईनं पदरातून एक पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. लाल, लहान मुलाच्या मनगटाएवढा. एका बाजूनं चिरलेला, केस चिकटलेले. "दारातून नेली," ती म्हणाली. "कुत्र्यांचं भांडान ऐकून आलं ते. दार लावस्तवर. जावेच्या हातावर बी पंजा मारला." मॅडमनी पट्ट्याला हात लावला नाही. बाई गेल्यावर तो तिथेच राहिला. हिराबाईंनी उचलू का विचारलं तर नको म्हणाल्या.

त्यानंतर मंदाडॉक्टरांनी बरीच वर्षं काम केलं. अंगठा पुरता अडकला तेव्हा आपणहून चाकू ठेवला. आता त्या नाशिकला भाचीकडे असतात आणि त्यांच्या शटरमध्ये मोबाईलची कव्हरं मिळतात. निघाल्या तेव्हा गाडीच्या खिडकीतून त्यांनी मला काहीतरी सांगितलं, ते हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. पण मी त्यांना त्या खिडकीत आठवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं एकच रूप आहे, ते दहाव्या दिवसाचं.

सकाळी दहापासून पेठेत अशी गर्दी की बाजाराचा दिवस नसताना भाजीवाल्या बसल्या. कुणालाच काही घ्यायचं नव्हतं. चहावाल्यानं स्पीकर बंद ठेवला. अकराच्या सुमाराला शंकरशेठची गाडी आली. उतरले, काखेत शिवळ. लोक मागे सरले. शर्टाच्या गळ्यातून चिमीचं नरसाळं बाहेर आलेलं, त्यावर मोडलेला खुबा.

पण ते दवाखान्यात शिरले नाहीत. आधी माझ्या दुकानात आले. चिमीला काउंटरवर ठेवून उताणी केली. मी बघितलं, टाके एक नंबर. कोरडे, सरळ, एका रेषेत. "कशी हाय?" मी विचारलं.

"काल आईला न्हाणीपतुर घिऊन गेली," शंकरशेठ म्हणाले. "हिराबाईनं फोनवर सांगितलं समदं. मॅडम कुनालाच हानीत न्हाईत म्हनं. ऑपरेशन बी बंद."

मी मान हलवली. शंकरशेठनी नाकातून एक लांब श्वास सोडला. मग आपल्या जाड बोटांनी चिमीच्या गळ्याचं नरसाळं हळूच सोडलं. नरसाळं आणि शिवळ, दोन्ही माझ्या काउंटरखाली सरकवली.

"भाऊ, हे ठेव. आन गप ऱ्हा."

आणि चिमीला कडेवर घेऊन, छाती काढून ते आत गेले. मी दाराशी. माझ्यामागे अर्धी पेठ.

मॅडम टेबलामागे उभ्या होत्या. टेबलावर तो लाल पट्टा. त्यांनी उजवा हात आपणहून पुढे ठेवला, पालथा. चेहरा पांढरा. "ये," त्या म्हणाल्या. "आणलीस शिवळ?"

"ते ऱ्हाऊ द्या," शंकरशेठ म्हणाले. "हिचं नरसाळं मी तिसऱ्याच दिवशी काढलं. लई वंगाळ दिसत व्हतं. चाटती दिवसभर, चाटू दे की. तुमच्या टाक्यांला काय व्हतंय? वर जरा तंबाकूची राख बी लावली."

हिराबाईंनी डोळे मिटले. मॅडमनी चिमीकडे बघितलं. उघडा गळा, मोकळं तोंड. कपाळावरची शीर फुगली. टेबलावरचा हात उचलला गेला, मूठ झाली, मूठ उघडली. त्यांनी गमबुटाच्या टाचा उंच केल्या.

माझ्या कपाटातले माईक एकमेकांवर आपटले, ते मी इकडे दारात उभं राहून ऐकलं. चिमी घाबरून भुंकली, घुंगरू वाजलं. शंकरशेठ दोन पावलं मागे जाऊन फुटक्या कपाटाला धडकले. मॅडमच्या दुसऱ्या हातात टाके काढायची कात्री आली होती आणि त्या ओरडत होत्या, "हिराबाई, पाणी उकळा! आणि त्या बोरीच्या बाईच्या गल्लीतल्या सगळ्यांना सांगा, ज्यांच्या कुत्र्या आहेत त्यांनी उद्यापासून रांग लावा! ए राख्या, उताणी कर तिला!"

शंकरशेठनी गाल धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मनगटावर सरपंचाच्या दातांचे व्रण होते, आणि तो दोन माणसांच्या रुंदीचा गडी पेठेकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला:

"लागली! हिराबाई, पयल्यासारखीच लागली!"